न्हाणीघरांतील फळी



दिवाळी पंधरा दिवसांवर आली कीं आपल्या घरोघरीं साफसफाईची धांदल सुरू होते. माळ्यावरचीं भांडीं खालीं येतात, गाद्या गच्चीवर उन्हांत पडतात, पुस्तकांचीं कपाटें झटकलीं जातात आणि कोळ्यांचीं जाळीं केरसुणीच्या टोकाला गुंडाळलीं जातात. आतां घराचा एकहि कोंपरा राहिला नाहीं, असें समजून घरांतील मंडळी समाधान पावतात. परंतु एक जागा बहुतेक घरांत वर्षानुवर्षें तशीच राहून जाते. ती म्हणजे न्हाणीघरांतील फळी, किंवा ज्याच्या दाराला आरसा बसविलेला असतो तें तेथील लहानसें कपाट. आजच्या माझ्या भाषणाचा विषय ही फळी आहे. तो ऐकून कांहीं श्रोत्यांना हसूं आलें असेल आणि 'मास्तरांना दुसरा विषय मिळाला नाहीं काय?' असेंहि कोणी म्हणत असेल. त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, माझें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें, आणि मग हसावयाचें कीं उठून फळी आवरावयाची तें ठरवावें.

प्रथमच सांगितलेलें बरें कीं, मी डॉक्टर नव्हे व रसायनशास्त्रज्ञहि नव्हे. जुनी अकरावी, म्हणजे वडील पिढी जिला मॅट्रिक म्हणे, ती परीक्षा उत्तीर्ण झालेला आणि सारें आयुष्य मुलांना शिकविण्यांत घालविलेला मी एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. जें सांगणार आहें तें कांहीं वाचून, कांहीं जाणत्यांना विचारून, आणि मुख्यतः ठेच लागल्यामुळें शिकलेलें आहे.

माझें बालपण साताऱ्यास एका जुन्या वाड्यांत गेलें. तेथल्या न्हाणींत तांब्याचा बंब, एक घंगाळ आणि भिंतींत एक कोनाडा होता. कोनाड्यांतील वस्तु मला आजहि मोजून दाखवितां येतील. साबणाची वडी, पाय घांसण्याची वज्री, तुरटीचा खडा, शिकेकाईचा डबा आणि आजोबांची राखुंडी, अशा त्या पांच. दिवाळींत त्यांत उटण्याच्या वाटीची व सुवासिक तेलाची भर पडे, आणि भाऊबिजेपर्यंत तीं दोन्ही संपूनहि जात. शिकेकाई हवी तेवढीच उकळीत. उरलेलें पाणी आंबतें हें ठाऊक असल्यामुळें तें कोणी सांठवीत नसे. त्या काळचे लोक आपल्यापेक्षां अधिक टापटिपीचे होते, असें मी म्हणत नाहीं. वस्तूच थोड्या होत्या, आणि बिघडल्या कीं त्या वासानें वा बुरशीनें तसें सांगत.

आतां पुण्यांतील आमच्या बिऱ्हाडाची गोष्ट ऐका. घरांत माणसें चार. गेल्या वर्षीं न्हाणीघरांतील कपाट आम्हीं रिकामें केलें तेव्हां आंतून ७३ वस्तु निघाल्या. केसांना लावावयाच्या द्रव्यांच्या ११ बाटल्या, अर्धवट पिळलेल्या मलमांच्या ९ नळ्या, हॉटेलांतून जपून आणलेल्या १४ चिमुकल्या बाटल्या आणि दांत घांसण्याचे ८ ब्रश त्यांत होते. बाकीच्यांची यादी वाचून मी आपला वेळ घेत नाहीं. यांतील किती वस्तु रोज वापरांत होत्या म्हणाल, तर १२! उरलेल्या ६१ वस्तु कोणाच्या व केव्हांच्या, हें कोणालाच नीट सांगतां येईना.

हें कपाट आम्हीं हौसेनें उघडलें नव्हतें. माझी पत्नी चार वर्षांपूर्वीं वारली. तिला मधुमेह होता. तिच्या गोळ्या, गुडघ्याला लावावयाचें मलम आणि माक्याच्या तेलाची बाटली या कपाटाच्या मधल्या फळीवर असत. ती गेल्यावर त्या फळीला कोणीं हात लावला नाहीं. सूनबाईला वाटे, 'आपण कांहीं हलविलें तर बाबांना वाईट वाटेल.' मुलाला वाटे, 'आईच्या वस्तूंचें काय करावयाचें तें बाबांनींच ठरवावें.' आणि मला वाटे, 'मुलें केव्हां तरी आवरतील; आपण कशाला पाहावें?' अशा रीतीनें एकमेकांचें मन सांभाळतां सांभाळतां ती फळी तशीच राहिली.

गेल्या वर्षीं आश्विन महिन्यांत माझी साडेतीन वर्षांची नात न्हाणीघरांत पालथ्या बादलीवर चढली, आणि थोड्या वेळानें बाहेर येऊन मला म्हणाली, "आबा, मी बाहुलीला औषध दिलं." तिच्या हातांत पत्नीच्या गोळ्यांची पट्टी होती. पट्टींतील ४ घरें फुटलेलीं होतीं. न्हाणीघराच्या फरशीवर गोळ्या सांपडल्या ३.

मधुमेहावरील कांहीं गोळ्या शरीराला अधिक इन्शुलिन सोडावयास लावतात. मोठ्या माणसाला तें औषध. पण अशी एकच गोळी लहान मुलाच्या रक्तांतील साखर धोक्याच्या पातळीखालीं नेऊं शकते, आणि हा परिणाम कित्येक तासांनींहि प्रगट होऊं शकतो. पत्नीच्या गोळ्या याच जातीच्या होत्या. म्हणून रुग्णालयांत नातीला एक दिवस व एक रात्र ठेवून घेतलें. ठराविक वेळानें तिच्या एवढ्याशा बोटाला सुई टोचून साखर पाहात. ती रडे, आणि तिची आई तिला घट्ट धरून दुसरीकडे तोंड फिरवी. 'वस्तु जागच्या जागीं ठेवा' असें शाळेच्या फळ्यावर शेंकडों वेळां लिहिलेला मी बाहेर बांकावर बसून होतों. सुदैवानें कांहीं झालें नाहीं. चौथी गोळी दोन दिवसांनीं बाहुलीच्या झग्याच्या खिशांत सांपडली. येणाऱ्या रविवारीं आम्हीं तें कपाट रिकामें केलें.

तेव्हांपासून या विषयाची मीं जी माहिती मिळविली तिचा पहिला धडा असा कीं, न्हाणीघर ही औषधें ठेवण्याची जागाच नव्हे. औषधाच्या वेष्टनावर बहुधा छापलेलें असतें कीं, तें थंड व कोरड्या जागीं, उजेडापासून दूर ठेवावें. आपल्या न्हाणीघरांत रोज सकाळीं काय होतें? गरम पाण्याची वाफ कोंडते आणि आरशावर धुकें जमतें. तीच वाफ फळीवरच्या डब्यांत शिरते. ॲस्पिरिनच्या गोळीचें उदाहरण घ्या. ओलावा लागला कीं तिचें विघटन होऊं लागतें आणि त्यांतून ॲसेटिक आम्ल सुटतें. सिरक्याला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळें. म्हणून ॲस्पिरिनच्या डबीला सिरक्यासारखा वास आला, तर ती गोळी बिघडली असें समजावें. पण बहुतेक औषधें इतकीं प्रामाणिक नसतात. तीं बिघडलीं तरी त्यांचा रंग तोच आणि वासहि तोच राहतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. छापलेली मुदत संपली कीं त्या रात्रीं बाराच्या ठोक्याला औषधाचें विष होतें, असें नाहीं. मुदत म्हणजे उत्पादकानें दिलेली हमी. त्या तारखेपर्यंत औषधाचा गुण पुरेपूर राहील, एवढाच तिचा अर्थ. परंतु ही हमी औषध सांगितल्याप्रमाणें ठेवलें असेल तरच लागू पडते. वाफेंत ठेवलेल्या औषधाची हमी तारखेपूर्वींच संपलेली असूं शकते. आणि ज्या औषधावर आपण संकटकाळीं विसंबणार, त्याचा गुण निम्मा उरला असेल तर आपण फसतों तें नेमके त्याच वेळीं.

दुसरा धडा प्रसाधनांचा. ज्या द्रव्यांत पाण्याचा अंश असतो, म्हणजे क्रीम, लोशन, शांपू इत्यादि, त्यांत जंतु वाढूं नयेत म्हणून परिरक्षक पदार्थ घातलेले असतात. त्यांची शक्ति अमर्याद नसते. बरणींत आपण रोज ओलें बोट घालतों त्या प्रत्येक वेळीं थोडे जंतु आंत जातात. आपल्याकडे आणखी एक संवय आहे. शांपू तळाला गेला कीं बाटलींत पाणी घालून ती खळखळून हलवावयाची आणि आठवडाभर पुरवावयाची. ही काटकसर मीं स्वतः कैक वर्षें केली. परंतु पाणी घातल्यानें परिरक्षक पातळ होतो आणि जंतूंना रान मोकळें मिळतें. पाणी घालावयाचेंच असेल तर त्याच दिवशीं वापरून बाटली संपवावी.

अशा बाटल्यांवर कित्येकदां एक छोटें चित्र असतें, झांकण उघडलेल्या डबीचें. त्यांत ६, १२ किंवा २४ असा आंकडा व पुढें 'एम' हें अक्षर छापलेलें असतें. डबी उघडल्यापासून तितके महिने ती वापरावी, असा त्याचा अर्थ. चित्र उपयोगाचें खरें. पण डबी कधीं उघडली हें आठवलें पाहिजे. म्हणून आमच्या घरीं आतां नवी बाटली उघडतांच तिच्यावर न पुसणाऱ्या शाईनें तारीख घालतात. हें काम नातीच्या देखत होतें. आंकडे ओळखावयास ती त्यावरूनच शिकली.

डोळ्यांच्या बाबतींत अधिक कडक राहावें. डोळ्यांत घालावयाच्या थेंबांची बाटली उघडल्यावर सामान्यतः चार आठवड्यांनीं टाकून द्यावी, मग वेष्टनावरची मुदत दोन वर्षें पुढची कां असेना. बाटलीवर याहून निराळी सूचना असेल तर अर्थात् ती पाळावी. एकाची बाटली दुसऱ्यानें वापरूं नये. बाजारांतील कांहीं सुरम्यांत शिशाचें संयुग असतें आणि शिसें लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. तेव्हां तसली जुनी डबी बाळाच्या डोळ्यांना मुळींच लावूं नये.

आतां तीन वस्तूंकडे मी आपलें विशेष लक्ष वेधतों, कारण त्या बहुतेक फळ्यांवर हमखास सांपडतात.

पहिली वस्तु म्हणजे खरजेवरचें किंवा गजकर्णावरचें 'रामबाण' मलम. यांपैकीं पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतें. खाज तात्काळ थांबते, म्हणून शेजारीपाजारीहि तीच नळी मागून नेतात. परंतु बुरशीमुळें झालेलें गजकर्ण त्याखालीं दबून पसरतें, आणि फार दिवस लावल्यास कातडी पातळ होते. या दुरुपयोगास आळा घालण्यासाठीं भारत सरकारनें २०१८ सालीं अशीं कित्येक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकूं नयेत असा नियम केला. फळीवर अशी नळी असेल तर ती परस्पर दुसऱ्याला देऊं नये.

दुसरी वस्तु म्हणजे गोरें होण्याचें क्रीम, विशेषतः ज्यावर घटकांची यादीच नाहीं असें. कांहीं क्रीमांत पारा सांपडलेला आहे. पारा कातडींतून शरीरांत शिरतो आणि मूत्रपिंडांस इजा करतो. जपानमध्यें मिनामाता येथें कारखान्यानें समुद्रांत सोडलेल्या पाऱ्यामुळें मासे खाणाऱ्या लोकांना जो भयंकर रोग जडला तो १९५६ सालीं उघडकीस आला. त्याच गांवाचें नांव २०१३ सालच्या पाराविषयक आंतरराष्ट्रीय कराराला दिलें आहे. तो करार २०१७ सालीं अमलांत आला, आणि ज्या वस्तु बंद करावयाच्या त्यांच्या यादींत पारायुक्त प्रसाधनें व पाऱ्याचे तापमापक हीं दोन्ही आहेत.

तिसरी वस्तु हा पाऱ्याचा तापमापकच होय. तो फुटल्यास झाडूनें झाडूं नये; झाडल्यानें पाऱ्याचे थेंब बारीक होऊन पसरतात. मुलांना बाहेर काढावें, खिडक्या उघडाव्या, जाड कागदानें थेंब एकत्र करून झांकणाच्या बाटलींत भरावे व ती घट्ट बंद करून वेगळी ठेवावी. न फुटलेला तापमापकहि नेहमींच्या केरांत टाकूं नये.

मग फळी आवरावी कशी? आमची रीत सांगतों. सुट्टीच्या दिवशीं सकाळीं बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र पसरावें आणि एकूण एक वस्तु बाहेर आणावी. कपाटांतल्या कपाटांत हलवाहलव केल्यानें कांहींच टळत नाहीं. मग चार ढीग करावे. रोज लागणाऱ्या वस्तूंचा पहिला. चांगल्या पण न्हाणीघराबाहेर ठेवावयाच्या वस्तूंचा, म्हणजे मुख्यतः औषधांचा, दुसरा. न उघडलेल्या आणि मुदतींतील, म्हणून कोणाला देतां येतील अशा प्रसाधनांचा तिसरा. आणि टाकावयाच्या वस्तूंचा चौथा. 'पाहूं पुढें' या नांवाचा पांचवा ढीग करूं नये. फळी भरते ती त्याच ढिगामुळें.

टाकतांना मात्र उतावीळ करूं नये, कारण खरा धोका तेथेंच आहे. उरलेलीं धुण्याचीं व फरशीचीं द्रव्यें एकाच मोरींत एकापाठोपाठ ओतूं नयेत. शौचकूप साफ करण्याच्या पुष्कळ द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें. तें ब्लीचिंगच्या द्रवांत मिसळलें कीं क्लोरीन वायु निघतो. पहिल्या महायुद्धांत १९१५ सालीं ईप्रच्या रणभूमीवर जो वायु सैनिकांवर सोडला होता, तोच हा. बंद न्हाणीघरांत तो श्वासावाटें गेला तर साफसफाई जिवावर बेतावयाची.

औषधेंहि सरसकट मोरींत ओतूं नयेत. तीं सांडपाण्याबरोबर नदीनाल्यांत जातात, आणि जंतुनाशक औषधांच्या अंशामुळें त्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची पैदास होण्यास मदत होते. भारत सरकारच्या २०१६ सालच्या घनकचरा नियमांत मुदत संपलेलीं औषधें, फुटलेले तापमापक आणि वापरलेल्या सुया यांना घरगुती घातक कचरा म्हटलें होतें, व तो वेगळा देण्यास सांगितलें होतें. आपल्या नगरपालिकेची किंवा औषधविक्रेत्याची त्यासाठीं सोय असल्यास तिचा उपयोग करावा. तशी सोय नसेल तर गोळ्या पट्टींतून काढून चहाच्या चोथ्यांत कालवाव्या आणि पिशवींत घट्ट बांधून द्याव्या, म्हणजे त्या कोणाला उचलून खातां किंवा विकतां येणार नाहींत. तीव्र वेदनाशामक औषधें असल्यास डॉक्टरांना विचारूनच त्यांची विल्हेवाट लावावी. दाढीचीं जुनीं पातीं पत्र्याच्या डबीांत भरून, डबी चिकटपट्टीनें बंद करून, वर मोठ्या अक्षरांत 'पातीं' असें लिहावें. आपला केर उघड्या हातांनीं निवडणारा कोणी तरी माणूस असतो. त्याच्याहि घरीं मुलें आहेत, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

आपण या वस्तु सांठवितों कां, याचाहि विचार मीं केला. ज्यांनीं टंचाई पाहिली त्यांना टाकवत नाहीं. तो दोष नव्हे, संस्कार आहे. परंतु पैसा गेला तो वस्तु विकत घेतांना. ती फळीवर ठेवल्यानें तो परत येत नाहीं. खरी काटकसर दुकानांत करावयाची असते, कपाटांत नव्हे. म्हणून आतां जुनी बाटली संपल्यावांचून आमच्याकडे नवी येत नाहीं. औषधें निजण्याच्या खोलींतील उंच कपाटांत, कुलपांत असतात, आणि किल्ली नातीच्या हाताला लागणार नाहीं अशा जागीं असते. न्हाणीघराच्या फळीवर सध्यां १३ वस्तु आहेत.

बारा वापरांतल्या म्हणून सांगितल्या, मग ही तेरावी कोणती, असें आपण विचाराल. त्या रविवारीं पत्नीच्या गोळ्या, मलम आणि खवट झालेलें माक्याचें तेल मीं स्वतःच्या हातानें टाकलें. सूनबाई दाराशीं उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. फळीच्या अगदीं मागें पत्नीची वज्री सांपडली. ती साताऱ्याच्या वाड्यांतून आमच्याबरोबर पुण्यास आलेली. पितळेची, तिला मुदत नाहीं, ती नासत नाहीं आणि कोणाला अपाय करीत नाहीं. चिंच लावून मीं ती घांसली आणि परत फळीवर ठेवली. नरकचतुर्दशीला पहांटे नातीला अभ्यंगस्नान घालतांना तिच्या आईनें तीच वज्री हातांत घेतली, तेव्हां नात विचारूं लागली, "ही कोणाची?" आम्हीं तिला सांगितलें. गेलेल्या माणसाची आठवण ठेवावयाची असेल तर ती अशा वस्तूंत ठेवावी. औषधाच्या पट्टींत ठेवूं नये.

दिवाळीच्या साफसफाईंत यंदा एक सकाळ या फळीसाठीं काढावी, एवढीच माझी आपणांस विनंति आहे.